नाकारतो

"'भावदर्शन सपाट' म्हणजे काय हो?" डॅनिकाने कागदावरची नजर न काढताच विचारलं.

मार्लिस कोकोनेनने चष्मा नाकावर नीट बसवला. "म्हणजे चेहऱ्यावर काही उमटत नाही. आनंद नाही, राग नाही. आम्ही ते तसं लिहितो."

"आमच्या घराण्यात सगळ्यांचीच तोंडं तसली आहेत. माझ्या लग्नाच्या फोटोत डॅड कसे उभे आहेत माहितीये? पोस्टाच्या रांगेत उभे असल्यासारखे. आणि त्या दिवशी त्यांच्याएवढं खूश कुणी नव्हतं."

टेबलावर दोघींच्या मध्ये रूडी झुपानची फाइल होती. अकरा वर्षांची, विटेएवढी जाड. त्यातली जवळजवळ सगळी पानं मार्लिसच्या हातची.

रूडीने एकोणतीस वर्षं उघड्या खाणीत लोखंडाच्या दगडाचे ट्रक चालवले होते. बायको गेल्यावर तो खचला, जेवेना, फोन उचलेना, तेव्हा डॉक्टरांनी त्याला काउंटीच्या मानसिक आरोग्य कार्यालयाकडे पाठवलं आणि तो मार्लिसच्या वाट्याला आला. दर पंधरा दिवसांनी ती त्याच्या घरी जायची. मार्च महिन्यात त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आता एप्रिल सरत आला होता, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडून खचले होते, आणि त्याची एकुलती एक मुलगी डॅनिका मिलवॉकीहून रीतसर कागदपत्रं घेऊन आली होती. तिला फाइल हवी होती, आणि ती समजावून सांगणारं माणूस हवं होतं.

सकाळी कर्टिसने, म्हणजे मार्लिसच्या साहेबाने, दार लावून घेऊन सांगितलं होतं, "मार्लिस, जे कागदावर आहे तेवढंच बोल. शब्दाचा अर्थ विचारला तर अर्थ सांग. सॉरी म्हणू नकोस. वकिलांनी बजावून सांगितलंय."

"माणूस मेलाय त्यांचा, कर्टिस."

"माहीत आहे गं. म्हणूनच सांगतोय."

शब्दांचे अर्थ सांगण्यात तर मार्लिसचा हात धरणारं कुणी नव्हतं. नव्याने कामाला लागणाऱ्यांना जी शब्दांची पुस्तिका मिळायची, ती तिनेच तयार केलेली. 'रडत होता' असं लिहू नका, 'अश्रुप्रवण' लिहा. 'खोटं बोलतोय' असं तर कधीच लिहू नका. शब्द मोजके असले की फाइल कुणाच्याही हाती गेली तरी काम अडत नाही, असं ती शिकवायची, आणि ते खरंही होतं.

डॅनिकाने पान उलटलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. भाजल्याचे जुने डाग असलेलं तिचं बोट ओळींवरून सावकाश सरकत होतं.

"हे बघा. 'औषधोपचारात असहकार. आजाराबद्दल जाण मर्यादित.' हे पाच वेळा आलंय."

"त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. डॉक्टरांना न सांगता."

"का बंद केल्या, ते कुठंय?"

मार्लिसला कारण माहीत होतं. गावातल्या स्लोव्हेनियन लोकांच्या हॉलमध्ये दर शनिवारच्या नाचाला रूडी अकॉर्डियन वाजवायचा. गोळ्यांनी त्याची बोटं थरथरू लागली. एकदा भर नाचात सूर चुकला आणि लोक थांबले. "हसलं नाही कुणी," त्याने मार्लिसला सांगितलं होतं, "हसले असते तर बरं झालं असतं." पुढच्या सोमवारी त्याने गोळ्या सोडल्या. हे सगळं तिने ऐकलं होतं, मान हलवली होती, आणि गाडीत बसून लिहिलं होतं: असहकार.

"त्यांची बोटं थरथरायची," ती म्हणाली. "वाजवता यायचं नाही."

डॅनिकाने पहिल्यांदा वर पाहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला माहीत नव्हतं. मला म्हणायचे, हॉलवाल्यांनी आता नवी पोरं आणलीत, म्हातारा कशाला पाहिजे त्यांना." तिने फाइलवर तळहात ठेवला. "मी हे उघडून काय शोधत होते सांगू? डॅड काही बोललेत का, ते. त्यांचं एखादं वाक्य. अकरा वर्षांत एक वाक्य नाही त्यांचं. सगळं तुमचंच आहे."

यावर सांगण्यासारखा अर्थ पुस्तिकेत नव्हता.

डॅनिका शेवटच्या पानावर आली. मार्लिसला ते पान तोंडपाठ होतं. सहाच ओळी. 'घर नीटनेटके. मनःस्थितीत सुधारणा. झोप व भूक ठीक. आत्महत्येचे विचार नाकारतो. पुढील भेट दोन आठवड्यांनी.' सहावी ओळ तिच्या सहीची.

"नाकारतो," डॅनिका म्हणाली. "म्हणजे तुम्ही विचारलंत, आणि ते नाही म्हणाले?"

"त्या शब्दाचा अर्थ तसा होतो."

"अर्थ नाही विचारत मी. तुम्ही विचारलंत का?"

त्या दिवशी मार्लिसच्या पाच भेटी होत्या आणि रूडीची चौथी. रस्ता निसरडा, तिला उशीर झालेला. रूडीने दार उघडलं तेव्हा त्याची दाढी केलेली होती. खिडक्या पुसलेल्या, भांडी घासलेली, आणि दाराशी अकॉर्डियनची पेटी उभी. "चर्चला देतोय," तो म्हणाला, "कुणीतरी वाजवील." तिला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं. म्हातारा सावरतोय, असं वाटून ती दहा मिनिटं आधीच उठली. जिवापाड जपलेली वस्तू अचानक देऊन टाकणं, चेहऱ्यावर अचानक शांतपणा येणं, ही कशाची लक्षणं असतात हे तिच्याच पुस्तिकेत नवव्या पानावर छापलेलं होतं. कार्यालयात परतल्यावर तिने आधीच्या भेटीची नोंद उचलून नव्या तारखेखाली टाकली आणि एकदोन शब्द बदलले. 'नाकारतो' बदलायचं कारणच नव्हतं.

बाहेर कर्टिसच्या बुटांचा आवाज दारापाशी येऊन थांबला आणि पुन्हा पुढे गेला.

हो म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. कागद तिच्या बाजूचा होता. आणि ही मुलगी उरलेला जन्म असं धरून चालली असती की बापाला कुणीतरी विचारलं होतं, आणि त्यानेच लपवलं. मार्लिसच्या मनात आलं, म्हणजे त्याला मेल्यावर आपण खोटारडा ठरवायचं.

"नाही विचारलं," ती म्हणाली.

"काय?"

"नाही विचारलं मी. त्या दिवशी नाही. त्याच्या आधीही कितीदा नसेल विचारलं, आता मला सांगता येणार नाही. ते आपोआप लिहिलं जातं."

डॅनिका रडली नाही. ओरडलीही नाही. तिने फाइलची पानं एकसारखी केली, टेबलावर आपटून कडा जुळवल्या. मग म्हणाली, "तुम्ही यायच्या त्या दिवशी ते बेकरीतून अक्रोड भरलेली गोड पोतीत्सा आणायचे. रविवारी फोनवर सांगायचे मला, सोमवारी बाई येणार, पाव आणायला जायचंय. आईच्या हातच्यासारखी नसते ती, पण असू दे म्हणायचे. खायचात तुम्ही?"

"खायचे."

"तेवढं तरी लिहायचंत."

ती उठली, कोट चढवला आणि फाइल पोटाशी धरून निघाली. दार तिने इतकं हलकेच लावलं की मार्लिस बराच वेळ उघडंच आहे असं समजून बसून राहिली.

डॅनिकाला बाहेर गाठून कर्टिस आला तो पांढरा पडूनच. "काय बोललीस तू?"

"झालं तेच."

"सव्वीस वर्षं नोकरी केलीस, मार्लिस. सव्वीस! दोन मिनिटं गप्प बसता आलं नाही तुला?" मग खुर्चीवर बसत खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, सगळेच तसं लिहितात. मी नाही लिहिलं?"

"माहीत आहे."

"मग?"

चौकशी होईपर्यंत मार्लिसला भेटींवरून काढलं. सगळ्या गोष्टींची तड लागण्याआधीच तिने निवृत्ती घेतलेली बरी, असंही वरून सुचवण्यात आलं. तिच्याकडची एकेचाळीस माणसं बाकीच्यांत वाटून द्यायची होती, आणि जाण्यापूर्वी प्रत्येकाबद्दल एकेक पान लिहून ठेवण्यासाठी तिला तीन दिवस मिळाले.

पहिल्या दिवशी तिने ठरवलं, ते शब्द वापरायचे नाहीत. माणूस कसा आहे ते लिहायचं. नव्याने भेटीला जाणाऱ्याला, दार उघडणारं माणूस कोण आहे हे कळलं पाहिजे. तिने बर्निस लाहटीची फाइल पुढे ओढली. बर्निस, वय बहात्तर, तळ्याकाठच्या ट्रेलरमध्ये एकटी. नऊ वर्षांची ओळख. मार्लिसने लिहिलं, 'बर्निस', आणि पेन थांबलं. चिंताग्रस्त, हे आलं. टाळाटाळ करते, हे आलं. सामाजिक संपर्क अत्यल्प. तिने डोळे मिटून ती खोली आठवायचा प्रयत्न केला. पडदे कुठल्या रंगाचे? बर्निस हसते तरी कशी? नऊ वर्षांतलं काही म्हणता काही हाती लागेना. शेवटी एक आठवलं, आणि तिने ते घाईघाईने लिहून काढलं: 'हिच्याकडे एक म्हातारा कुत्रा आहे, दार वाजलं की सोफ्याखाली जातो.' त्याचं नाव मात्र आठवेना.

तिने फोन लावला. बऱ्याच वेळाने बर्निसने उचलला.

"बर्निस, मी मार्लिस. एक विचारायचं होतं. तुमच्या कुत्र्याचं नाव काय हो?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"कुत्रा?" बर्निस म्हणाली. "तो जाऊन दोन वर्षं झाली, मार्लिस. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही लिहूनसुद्धा घेतलं होतंत."

मार्लिसने फोन दुसऱ्या कानाला लावला. खिडकीबाहेर एक माणूस गाडीच्या काचेवरचा चिखल बाहीने पुसत होता.

"नाव सांगा ना तरी," ती म्हणाली.

"हेक्टर."

"हेक्टर," मार्लिस म्हणाली, आणि तिने 'आहे' खोडून 'होता' केलं, आणि एकेक अक्षर काढत पुढे ते नाव लिहिलं.