सुईणबाईंचा वजनकाटा

मित्रांनो, नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे वजन करणारा मी एक जुना काटा आहे. आता मी वजन करत नाही. संग्रहालयात आल्यावर माझी स्प्रिंग आणखी ताणली जाऊ नये म्हणून ती तारेने बांधून टाकली. तेव्हापासून मला कशाचे ओझे जाणवत नाही. कोणी उचलले तरी माझी सुई शून्यावरच राहते.

मी एका कारखान्यात घडलो. तिथे माझ्यासारखे पुष्कळ काटे तयार होत. सर्वांच्या तबकडीवर एकच शिक्का आणि घडणीचा एकच क्रमांक असे. मग आम्ही वेगवेगळ्या पेट्यांतून वेगवेगळ्या वाटांनी गेलो. मी एका सुईणबाईंच्या हाती आलो. त्या मला पिशवीत घालून घरोघर नेत. दाराच्या वरच्या खिळ्याला मला अडकवत, खाली झोळी टांगत आणि झोळीत बाळ ठेवत. बाळ पाय झाडी, माझी सुई थरथरे आणि घरातले सगळे श्वास रोखून बघत. "भरलंय हो पोर," असे बाई म्हणाल्या की बाळाचे कौतुक होई, थोडे माझेही होई. पुढे दवाखान्यात नवी यंत्रे आली, बाईंचे हात थकले आणि मी कपाटावर जाऊन पडलो. तिथे गंज चढला.

बाई गेल्यावर त्यांच्या लेकीने मला संग्रहालयाला दिले. ती शिवणकाम करते.

"आईचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. काट्याबरोबर तिचं नाव तेवढं राहू द्या, बाकी काही नको," ती म्हणाली. संग्रहालयाच्या प्रमुखांनी तसा शब्द दिला.

नंतर संग्रहालयाने घरबसल्या पडद्यावर पाहता येईल असे प्रदर्शन मांडले. त्यासाठी एक तरुण मुलगी आली. तिला सगळे जोडणीताई म्हणत. पूर्वी प्रत्येक संग्रहालयाची माहिती आपापल्या कपाटात बंद असे. जोडणीताई प्रत्येक वस्तूला आणि माणसाला इंटरनेटवर कायमचा पत्ता देई आणि त्या पत्त्यांमध्ये नाती जोडी. कोणी घडवले, कोणी वापरले, कुठे वापरले. त्यामुळे माझ्या चित्रावर बोट ठेवले की माझा कारखाना उघडे आणि तिथून दूरदूरच्या संग्रहालयांतले माझे भाऊबंद.

त्या भाऊबंदांत एक काटा कोणा डॉक्टरांचा होता. शिक्का तोच, क्रमांक तोच. ताईने आम्हा दोघांत 'याच घडणीचा' असे नाते जोडायचे होते. तिने 'हाच तो' असे जोडले. संगणकाने ते शब्दशः मानले. त्याचे सारे मला चिकटले, माझे त्याला. डॉक्टरांची माहिती भरपूर होती, ती वर आली. बाईंचे नाव मात्र तळाशी गेले. मी काचेआड होतो तसाच होतो. मला काही वाटले नाही.

मग एके दिवशी लेक आली आणि पडद्यासमोर थांबली.

"हे डॉक्टर कोण?"

"मावशी, ते हा काटा वापरायचे," ताई म्हणाली.

"आमचा? अहो, डॉक्टरांना बोलवायला माणूस निघायचा, तोवर आईच्या हातचं बाळ न्हाऊन झोपलेलं असायचं."

ताई हसली. लेक हसली नाही.

"नाव राहील म्हणून दिला होता. नाहीतर कपाटावर काय वाईट होता?"

ताईने दोन्ही काट्यांची चित्रे शेजारी ठेवली. त्याचा टांगायचा आकडा सरळ होता. माझा घरोघरच्या खिळ्यांनी वाकलेला.

"चूक माझी आहे. दोन सारखे होते, मी ते एकच धरले. आत्ता वेगळे करते. पण ही माहिती इतरांनीही उचलली आहे. त्यांना कळवीन, ते बदलतील की नाही ते मात्र माझ्या हातात नाही."

"म्हणजे कुठं कुठं आई डॉक्टर होऊन बसणार."

"बसेल खरी."

नाते बदलले. बाईंचे नाव वर आले. लेकीने त्यावर बोट ठेवले. डॉक्टरांच्या नावापासून कॉलेज, दवाखाना, तसबीर अशा कितीतरी वाटा फुटत होत्या. बाईंच्या नावापासून एकच वाट होती, माझ्याकडे येणारी.

"एवढंच?"

"आमच्याकडे एवढंच आहे. मावशी, तुमचं वजन कशात झालं होतं?"

"ह्यातच की. आणखी कशात होणार?"

ताईने ते लिहिले. बाईंच्या नावाशेजारी लेकीचे नाव उमटले. लेक खुर्ची ओढून बसली.

"मागच्या गल्लीतला न्हावी घ्या, तोही ह्याच झोळीतला. त्याच्या बहिणी घ्या. पोस्टमन घ्या. तो उलटा आला होता, अजूनही तसाच वागतो."

"हळू सांगा, मावशी. आणि आधी त्यांना विचारायला हवं."

"विचारते की. सगळे माझ्याकडेच कपडे शिवतात."

निघताना ती माझ्या काचेशी आली. "किती भरले होते मी?" तिने विचारले. ते कुठे लिहिलेले नाही. मलाही ठाऊक नाही. बाळ उचलले की माझी सुई परत शून्यावर येत असे.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. दोन वस्तू हुबेहूब दिसल्या तरी त्या एकच आहेत असे लिहिण्याआधी त्या कोणाच्या हातात होत्या ते विचारा. आम्हाला विचारून उपयोग नाही. ज्यांना आठवते ते आहेत तोवर त्यांना विचारा.