सतराच्या पुढची टेप

मी शिवणाऱ्या बाईच्या गळ्यातली टेप बोलतेय. साठ इंचांची जन्मले, आज त्रेचाळीसच उरलेय. माझा पहिला आकडा अठरा. त्याआधीचे सतरा इंच मातीत आहेत, आणि खोटं कशाला बोलू, ते अजून दुखतात.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या, गुंडाळून डबीत टाकलं. दुकानातून मला उचललं ते एका नव्या नवरीने. तिच्या हाताला देवाचं देणं होतं. तिची कात्री कापडाला वाट विचारत नसे. लग्नाआधी चर्चमध्ये भर मंडळीत उभी राहून ती म्हणाली होती, "प्रभूने मला शिवणासाठी बोलावलंय. ज्याच्या अंगावर धड कापड नाही, त्याचं मी शिवीन." पाळकांनी तिच्या दोन्ही हातांवर हात ठेवून प्रार्थना केली होती.

नवरा सुतार. दोघंही मापाची माणसं. ती त्याला चिडवायची, "तुझं चुकलं तर फळी वाया. माझं चुकलं तर ठिगळ तरी लावता येतं."

मग तिला दिवस गेले. बाळाचे सगळे कपडे तिने वाढत्या अंगाचे शिवले. शिवणाऱ्यांची रीतच ती, मूल वाढणार म्हणून दोन इंच जास्त धरायचे. बाळ आलं ते श्वास न घेताच.

सुताराने पेटीसाठी फळ्या काढल्या, पण मोजायला त्याचा हात धजेना. दारातूनच म्हणाला, "माप तूच सांग गं."

तिने माझं टोक बाळाच्या टाचेला लावलं. टाळूपाशी मी सतरा भरले. मग तिने झबलं घातलं, तर हात बाह्यांत बुडून गेले. ती दुमडायची, बाह्या उलगडायच्या. बोटं काही दिसेनात. तिने कात्री घेतली, मला सतरावर कापलं, आणि तो तुकडा बाहीच्या आत, त्या मुठीत सारून दिला.

तेव्हापासून घरात सतरा इंच वावरू लागले. उशी असो, पाव असो, खिडकीत झोपलेलं मांजर असो, तिची नजर आधी सतरा इंच शोधायची. आणि दुपारी मशीन थांबलं की माझ्या कापलेल्या कडेला हलकी ओढ लागायची, कुणी मुठीत धरून खेचावं तशी. मला वाटे, मला एकटीलाच कळते. पण नेमका त्याच वेळी तिचा हात गळ्याशी जायचा.

नवी टेप तिने घेतली नाही. येईल त्या मापातून सतरा वजा करायची. सुतार तिला हसवायला बघे. "हिला वय विचारू नका, त्यातूनही सतरा वजा करील." शेजारची जाडी मावशी म्हणायची, "मला तर ही दोन हप्त्यांत मोजते बाई." ती हसायची. पण लहान मुलाचं कापड आलं की घडी न उघडता परत. "लहान मापं मी घेत नाही." उपासनेला जाई, मागच्या बाकावर बसे, हात मांडीखाली दाबून. त्या हातांनी शब्द दिला होता ना.

अशी बारा वर्षं गेली. एक दिवस हॉस्पिटलातली नर्स घरी आली. म्हणाली, "जी बाळं जगत नाहीत, ती आम्ही ड्रेसिंगच्या कापडात गुंडाळून देतो, ताई. एवढे छोटे कपडे बाजारात मिळत नाहीत. पाळक म्हणाले, तुम्ही देवाला शब्द दिलाय."

"दिला होता. ज्याला दिला, त्याने माझं काय ठेवलं?"

नर्स उठली. मग म्हणाली, "ते त्याचं त्याला ठाऊक. ती बाळं कशी जातात, तेवढं मी रोज बघते." आणि गेली.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी दारात एक गवंडी उभा. नखांत सिमेंट, हातात कोरं झबलं.

"नर्सबाईंनी घर सांगितलं. दुकानातलं हे सगळ्यात लहान. तरी बाळाचे हात आत जातात. बायको म्हणते, पुरण्याआधी एकदा त्याचे हात बघू दे. बाह्या आखूड करून द्याल?"

"लहान मापं मी..." बाई बोलली आणि थांबली. झबल्याच्या बाह्यांकडे बघत राहिली. "माप आणलंय?"

"कागदावर नाही." त्याने दोन्ही तळवे समोरासमोर धरले. भिंती सरळ बांधणारे हात ते. मधलं अंतर जराही हललं नाही.

बाईने मला गळ्यातून काढलं. कापलेली कड एका तळव्याला लावली, दुसऱ्यापर्यंत नेली. "तेहतीस. वजा सतरा." आजवर मनात करायची ती वजाबाकी पहिल्यांदा मोठ्याने झाली. "सोळा." मग हळूच म्हणाली, "माझ्या बाळापेक्षा एक इंच लहान."

गवंड्याने मान वर केली. "तुमचं पण?"

"बसा. पाणी घ्या."

बाह्या आखूड करून भागणार नव्हतं. तिने नवं पांढरं कापड काढलं. मशीनवर बसताना शेजारणीशी बोलावं तसं देवाला म्हणाली, "शिवते मी. पण आज माझ्याकडून स्तोत्राची आशा धरू नकोस." बाही आखताना सवयीने खडू दोन इंच पुढे गेला. तिने अंगठ्याने ती रेघ पुसली. "इथे वाढीव धरायचं नाही," म्हणाली. मला की देवाला, तोच जाणे.

नर्सने नंतर सांगितलं, त्या बाळाची आई संध्याकाळपर्यंत एकेक बोट धरून बसली होती.

तुम्हाला वाटेल, भूत उतरलं. नाही हो. दुपारची ओढ आजही लागते. पण त्या दिवसापासून ओढ लागली की बाई उठायची आणि पांढरं कापड काढायची. बोलावणं असंही येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता सुतार नाही. बाईची नजर गेली. ती छोटी झबली आता तिची भाची शिवते. तिची टेप नवी, एकापासून सुरू होणारी. मी खिळ्याला आहे, माझे आकडे पुसट होत चाललेत.

एकच मागणं आहे. बाईची वेळ येईल तेव्हा नवी टेप काढू नका, मला घ्या. एका खेपेत मी पुरणार नाही, दोन खेपा करा. बाह्या बेताच्या ठेवा, तिचे हात दिसू द्या; त्या हातांवर प्रार्थना झालेली आहे. आणि मग मला परत खिळ्याला लावू नका. तिच्या मुठीत द्या. माझं दुसरं टोक खाली कुणीतरी धरून बसलंय.