पाण्यावरची खोली

तळहातावर बटण होतं – लिफ्टचं, तिसऱ्या मजल्याचं. आकडा बोटांनी झिजून झिजून आता नुसता डाग उरलेला, आणि तरी माणसं रोज बिनचूक तिथेच बोट ठेवत होती, म्हणजे आकडा वाचून कुणी दाबतच नव्हतं, सवयीनं दाबत होतं... त्यानं ते पालथं केलं, मागची स्प्रिंग नखानं चेपून पाहिली. अजून दम होता तिच्यात. लिफ्टच्या दाराशी बसकण मारून तो बटणाकडे बघत होता आणि डोळ्यांपुढे मात्र समुद्र होता – रिसॉर्टच्या माहितीपत्रकातला गुळगुळीत निळा नव्हे, नुसता मोठा, आणि आवाज करणारा. त्या आवाजाचं काय करायचं तेच कळत नव्हतं. तो उठला. उजवा गुडघा नेहमीप्रमाणे ‘कट्’ म्हणाला.

घरात सुट्टीचं वारं शिरलं होतं. किनाऱ्यापासून होडीनं जायचं एक छोटं बेट, त्यावर रिसॉर्ट, चार रात्री, आणि काहीही करायचं नाही – हे ‘काहीही करायचं नाही’ पार पाडण्यासाठी बायकोनं केवढा खटाटोप मांडला होता! ती शाळेत शिकवायची. शेकडो पोरांच्या सहली नेऊन आणलेली बाई, तिला चौघांचं काय? लेक, जिला घरात सगळे खारूताई म्हणत कारण ती एका जागी टिकेल तर शपथ, ती पोहण्याचा चष्मा लावूनच जेवायला बसत होती. आणि बाबांनी कुठूनशी एक रुंद काठाची टोपी पैदा केली होती, ती घालून ते दिवसातून दोनदा आरशासमोर उभे राहत आणि ‘बरा दिसतो रे म्हातारा’ असं स्वतःलाच सांगत. खरं सांगायचं तर तोही खुशीत होता. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तेलकट दोर पुसताना मध्येच त्याला हसू फुटायचं.

अडलं होतं ते फक्त खोल्यांपाशी. रिसॉर्टवाल्या बाईनं फोनवर सांगितलं होतं – मागच्या अंगाला, बागेकडे, दोन जोडखोल्या आहेत, मध्ये दार. नाहीतर तुम्ही तिघं एका खोलीत राहा आणि आजोबांना पाण्यावरची खोली द्या. पाण्यावरची म्हणजे लांब लाकडी पुलाच्या टोकाला, खांबांवर उभी, एका माणसापुरती. बाबांनी फोटो बघितला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, “मला ही.” आयुष्यात ज्या माणसानं कधी पानात दुसऱ्यांदा काही मागून घेतलं नाही त्यानं सरळ म्हणावं, मला ही! आणि आपण, त्याचा मुलगा, मान वर न करता म्हणालो – “ती भरलीये, बाबा.” थाप. साफ थाप. बाबा ‘असू दे’ म्हणाले आणि टोपी काढून खुंटीला लावली.

आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

नवं बटण बसवून तो गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेला, डोळे मिटून उभा राहिला. लिफ्ट तो कानानं तपासायचा. मोटर कण्हतेय का, ब्रेक उशिरा धरतोय का, दोर कुठे घासतोय... बिघाड आधी आवाजात येतो, मग यंत्रात, असं तो नव्या लोकांना सांगायचा. पण आई गेली ती आवाज न करता. झोपेत, पलीकडच्या खोलीत, एका भिंतीचं अंतर – आणि ज्याला चार मजल्यांवरून सैल झालेला बोल्ट ऐकू येतो त्याला काहीही ऐकू आलं नाही. तेव्हापासून, दोन वर्षं झाली, रात्री केव्हातरी आपोआप जाग येते, आपण अनवाणी बाबांच्या दाराशी जातो, उभे राहतो. आतून घोरणं येतं – भरदार, तालातलं, शेवटी एक शीळ. मग आपण परत येऊन मेल्यासारखे झोपतो. बागेकडच्या जोडखोल्यांत ते घोरणं ऐकू आलं असतं. पुलाच्या टोकाशी नुसत्या लाटा. एवढंच होतं सगळं, आणि एवढंसं कुणाला सांगायचं म्हटलं तर जीभ रेटत नव्हती.

दुपारी तो जेवायला घरी आला. आजची इमारत घरापासून एका गल्लीवर होती, म्हणून. बायको आणि खारूताई शाळेत. बाबा खिडकीशी आरामखुर्चीत, टोपी नाकावर ओढलेली, हात पोटावर. आणि खोलीत आवाज नव्हता. घड्याळाचा होता, खालून जाणाऱ्या सायकलच्या घंटीचा होता, बाबांचा नव्हता. दुपारी कधी घरी नसतो आपण... तो खुर्चीपाशी खाली वाकला, श्वास रोखून, अगदी टोपीजवळ कान नेऊन –

“आहे मी,” टोपीखालून आवाज आला.

तो दचकून मागे झाला. गुडघा ‘कट्’ म्हणाला.

“हाच,” बाबा टोपी वर करत म्हणाले. “हाच आवाज रोज रात्री दाराबाहेर येतो. जागा करतो मला.”

“मला वाटलं तुम्हाला गाढ झोप...”

“असती की. तू येतोस, कट् होतं, मी जागा होतो. गप्प पडून राहिलो तर तू हलत नाहीस, तिष्ठत उभा. पायाला गार लागतं तुझ्या, माहितेय मला. म्हणून मग घोरतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? घोरतो. तू ऐकतोस, समाधानानं जातोस. मग मी कूस बदलून झोपतो.”

बाबांनी जन्मभर सलून चालवलेलं. दाढीला बसून गिऱ्हाइकं खुर्चीतच पेंगायची, आणि हातात वस्तरा धरून त्यांची घोरणी ऐकण्यात या माणसाची हयात गेलेली. बाबा सावरून बसले, गळा साफ केला. “हा कापडवाला.” घर्रर्र... “हे हेडमास्तर, अर्ध्यात थांबून दचकायचे.” घुर्र – हुप्! “आणि तुला देतो तो बँडवाला. शेवटी शीळ घालायचा. तुला हाच पटला, म्हणून चालू ठेवला.”

तो हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबाही हसत होते, खोकत होते. आणि हसता हसताच ते म्हणाले, “ती गेली तेव्हा मी तर त्याच पलंगावर होतो रे. मला तरी कुठे ऐकू आलं?”

हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. दोन वर्षं तो भिंतीच्या या बाजूनं विचार करत होता. पलीकडे, हाताच्या अंतरावर, आणखी कुणी तोच विचार करत पडलेलं असेल, हे नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त माया वाटली. तो खुर्चीच्या हातावर टेकला.

“त्या बाईला मी सकाळीच फोन केला होता,” बाबा सहज म्हणाले. “खोली रिकामी आहे म्हणाली.”

“बाबा, मी...”

“असू दे. पण बघ, तिथे समुद्र. कितीही जोर लावून घोरलो तरी तुला ऐकू जायचं नाही. म्हणजे मला घोरायलाच नको. मलापण सुट्टी हवी ना रे? ताटं घे. निवतंय.”

दोघं जेवले. बाबांनी आज पहिल्यांदाच भात मागून घेतला, आणि त्यानं डाव भरून वाढला.

कामावर परतल्यावर मशीन रूमच्या दाराशी उभं राहून त्यानं रिसॉर्टला फोन लावला. पाण्यावरची खोली आजोबांसाठी, बाकी तिघं बागेकडे. बाईनं हो हो म्हणून लिहून घेतलं, आणखी काही विचारायचंय का म्हणाली.

“रात्री लाटांचा आवाज किती येतो?”

“भरपूर येतो. दुसरं काही ऐकूच येत नाही.” तिला वाटलं गिऱ्हाइकाला हेच हवंय.

“चालेल,” तो म्हणाला. आणि शब्द तोंडातून गेल्यावर छातीत सैल बोल्टसारखं काहीतरी हललं, पण पडलं नाही.

खालून कुणीतरी तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. मोटर फिरली, दोर सरकले, नवं बटण लागू पडलं होतं. तो सवयीनं डोळे मिटणार होता... मिटले नाहीत. गच्चीवर ऊन होतं. सुट्टी अजून लांब होती. त्याआधी आजची रात्र होती, आणि आज जाग आली की भिंतीपलीकडे एक म्हातारा कान देऊन पडलेला असणार, कट् होतंय का याची वाट बघत, बँडवाला तयार ठेवून. त्याला झोपू द्यायचं तर आपण उठायचं नाही. बस, अंथरुणात पडून राहायचं, काही ऐकू आलं तरी, आणि नाही आलं तरी. साधीच गोष्ट होती. जमेल का, ते त्याला सांगता आलं नसतं. पण गुडघ्यावरून हात फिरवताना त्याला पुन्हा हसू येत होतं.