माझ्या दांड्यावरची दोरी

मित्रांनो, चार पाय असूनही मी एकटा कधी चाललो नाही. मी एक जुना वॉकर आहे, बल्गेरियातल्या प्लोवदिव शहराजवळच्या एका इस्पितळातला. पडलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालतं करायचं, हे माझं काम. नवा होतो तेव्हा सिस्टर मला रोज पुसायच्या. आता पुढचं एक चाक अडकतं.

आमच्या वॉर्डात एक नियम होता. माझ्या दांड्याला लाल दोरी असली की पेशंटला फक्त थेरपिस्ट प्लामेनने चालवायचं. पांढरी असली की सिस्टरनी. नियम उगाच नव्हता. आदल्या हिवाळ्यात रुम्याना सिस्टरने लाल दोरीवाल्या एका आजोबांना उठवलं आणि ते पडता पडता वाचले. प्लामेन सगळ्यांसमोर ओरडला, "चालवणं माझं काम! तुम्ही तुमच्या गोळ्या बघा!"

सिस्टरने ते मनात ठेवलं.

मग त्सोन्का आजी आल्या. मांडीचं हाड मोडलेलं. गावात त्या एकट्याच, घराला तीन पायऱ्या. त्या चढता आल्या तर घरी, नाही तर वृद्धाश्रमात. फेब्रुवारी संपताना आजी दोन पायऱ्या चढल्या. प्लामेनने खुशीत पांढरी दोरी बांधली आणि दुसऱ्या पेशंटकडे वळला.

दुसऱ्या दिवशी एक मार्च. सगळ्यांच्या मनगटावर मार्तेनित्सा, म्हणजे वसंताच्या स्वागताला बांधायची लाल-पांढरी दोरी. आजींनी शालीतून लाल लोकर उपसली, माझ्या पांढऱ्या दोरीला पीळ घालून गुंडाळली. "तुलाही हवी की रे. बहर दिसला की झाडाला बांधू."

सिस्टरला लांबून लाल तेवढं दिसलं.

"सिस्टर, चालवता का मला?"

"ते प्लामेनचं काम, आजी. मी नाही बाई हात लावणार."

प्लामेन दारातूनच ओरडायचा, "काय आजी, चालताय ना रोज?" आणि उत्तर यायच्या आत पुढे.

बारा दिवस मी खाटेशेजारी उभा होतो. मला सगळं माहीत होतं, पण तोंड नाही.

तेराव्या दिवशी डॉक्टर आले, सोबत प्लामेन आणि रुम्याना सिस्टर. आजींना एकही पायरी चढता आली नाही.

"सिस्टर, चालवलं नाहीत यांना?" प्लामेनने विचारलं.

"लाल दोरी तूच बांधलीस ना?"

"मी? मी पांढरी बांधली होती!"

"अरे, ती माझी मार्तेनित्सा आहे," आजी हळूच म्हणाल्या.

प्लामेनने वाकून पीळ उलगडला. लाल लोकरीखाली पांढरी दोरी तशीच होती.

खाट दुसऱ्याला हवी होती. निघायच्या दिवशी दोघांनी आजींना अंगणातल्या बहरलेल्या आलुबुखाराच्या झाडापर्यंत नेलं. एका बाजूला तो, एका बाजूला ती, मध्ये मी. दोरी फांदीला बांधून आजी म्हणाल्या, "दोघं मिळून बरं चालवता की रे."

मग गाडी त्यांना वृद्धाश्रमात घेऊन गेली.

आता माझ्या दांड्याला दोरी नसते. काम अजून वाटलेलंच आहे, आणि ते असावंच. पण मला उचलायच्या आधी रुम्याना सिस्टर हाक मारते, "प्लामेन, या आजींना मी चालवू का?" आणि तोही थांबून उत्तर देतो.

मित्रांनो, तुमचं काम संपलं की दुसऱ्याला हाक मारा. तेवढी एक हाक यावी म्हणून मी बारा दिवस उभा होतो.