शिक्का नसलेलं ताट

घरात कुणी वजन कमी करायला घेतलं की सगळ्यात आधी वजन उतरतं ते स्वयंपाक करणारीच्या शब्दाचं. तुमच्या घरी पाहा, माझ्या घरी पाहा. कालपर्यंत बोटं चाटून जेवणारा माणूस एकाएकी ताटाकडे संशयाने बघू लागतो आणि "यात तेल किती घातलंस?" असं विचारतो. जणू समोर बायको नाही, आरोपी उभी आहे!

काटासाहेबांच्या घरी हेच झालं. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खरा असेल त्याला शिक्का मारायचा, खोटा असेल तो जप्त करायचा, ही त्यांची नोकरी. काटासाहेब हे नाव दुकानदारांनीच पाडलेलं, आणि साहेबांना ते मनातून आवडायचं. माणूस सचोटीचा, कुणाच्या चहाचाही मिंधा नाही. एकच खोड होती. ज्यावर शिक्का नाही ते खरं नाही, असं त्यांना अगदी आतून वाटे.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "वजन उतरवा, नाहीतर जिने विसरा." साहेबांनी दुसऱ्याच दिवशी एक छोटा काटा आणला, स्वतः तपासला आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. पूर्वी तिथे फळांची टोपली असायची. ती फ्रिजवर गेली आणि तिथेच राहिली.

पण घरच्या अन्नाचा हिशेब काही लागेना. एका रविवारी साहेब भोपळ्याच्या भाजीला भिडले. कच्चा भोपळा किती होता, तेल किती पडलं, त्यातलं कढईला किती चिकटलं, पाणी किती आटलं, आपल्या वाट्याला किती आलं? भाजी गारढोण झाली तरी उत्तर येईना. शेवटी ते वैतागून उठले आणि बाजारातून बिस्किटं, दाबून केलेल्या चिवट वड्या, पाण्यात ढवळायचं सूप असं काहीबाही घेऊन आले. प्रत्येक पुडक्याच्या पाठीवर कॅलरींचा आकडा होता.

"हे बघ, छापील आहे!" साहेब बायकोला म्हणाले.

"भुकेला कोंडा म्हणतात ते ठाऊक आहे मला," बायको म्हणाली. "पण घरात ताजी भाजी असताना कोंडा खाणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय. माझ्या हातावर आकडा छापलेला नाही म्हणून मी नापास का?"

"तसं नाही गं. पण मोजल्याशिवाय कळणार कसं?"

बायकोने भाजीवर झाकण ठेवलं. त्या दिवसापासून ती दोघींपुरतंच रांधू लागली, स्वतःसाठी आणि लेकीसाठी.

लेकीला घरात चिमणी म्हणत. चौदा वर्षांची, गणितात तल्लख, बोलायला कमी. साहेबांचा दिवस दुकानांत आणि संध्याकाळ अहवालांत जायची. बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?" आणि "अभ्यास झाला का?" एवढंच. पण बाप टेबलावर बेरजा करत बसलेला पाहून ती शेजारी येऊन बसली, आणि त्याची चूक तिने एका नजरेत पकडली.

"बाबा, हातचा विसरलात."

साहेब खूश! त्या दिवसापासून चिमणी सहायक निरीक्षक झाली. दोघं मिळून पुडकी वाचायची, तोलायची, बेरीज मांडायची. थोड्याच दिवसांत ती स्वतःचीही बेरीज मांडू लागली. साहेबांना त्याचं कौतुकच वाटलं. त्यांच्या बॅगेत 'तपासले' असा रबरी शिक्का असायचा. दिवसाची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आत राहिली की ते लेकीच्या मनगटावर तो शिक्का हलकेच उमटवायचे आणि म्हणायचे, "शाब्बास! पास!"

चिमणी ती निळी शाई आंघोळीतसुद्धा जपायची. बापाने इतक्या वर्षांत तिला कधी इतका वेळ दिला नव्हता. हे तिच्या आईला दिसत होतं, म्हणून ती गप्प राहिली. आता ती स्वतःला त्याबद्दल माफ करत नाही.

साहेबांचं वजन सुरुवातीला उतरलं. पण वड्यांनी पोट भरत नाही. दुपारी चार वाजले की त्यांना बाजारात फिरताना घेरी यायची, आणि मग कोपऱ्यावरच्या बेकरीत उभ्या उभ्या लोण्याची खारी, केक, जे दिसेल ते तोंडात जायचं. ते मात्र बेरजेत यायचं नाही. इतरांचा तराजू पकडणाऱ्या माणसाने स्वतःच्या तराजूला बोट लावलं. वजन होतं तिथे परत आलं, गुडघे पुन्हा कुरकुरले, आणि साहेबांनी एक दिवस गुपचूप हा मोजण्याचा नाद सोडून दिला. काटा मात्र टेबलावरून हलवला नाही. कारण चिमणी अजून मोजत होती.

आणि ती बारीक होत होती. जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई म्हणायची, "अगंबाई, काय छान झालीस गं! आमच्या मुलीलाही सांग ना काय करतेस ते." शाळेत बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून शिस्तीचा नमुना म्हणून दाखवलं. मंडळी, मूल वाळत होतं आणि आपण टाळ्या वाजवत होतो! मी 'आपण' म्हणतो, कारण त्या जिन्यात तुम्ही-मीही असतो. बारीक दिसलं की कौतुक करायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

ओळखलं ते साहेबांच्या थोरल्या बहिणीने. ताई मुलांच्या वॉर्डात मुख्य परिचारिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. भाचीला जवळ घेताना तिने तिचा हात हातात धरला आणि ताईचा चेहरा बदलला. बाहेर उकाडा होता आणि पोरीचा हात बर्फासारखा. खांद्यावर गळलेले केस. ताईने चिमणीला फुलं आणायला कोपऱ्यावर पाठवलं आणि भावाकडे वळली.

"ही पोरगी उपाशी आहे."

"काहीतरीच काय! बरोबर मोजून खाते ती. माझ्यापेक्षा शिस्तीची आहे."

"तुझ्या शिस्तीला काय जाळायचंय? कधी खाल्लंय तिने शेवटचं पोटभर? आईला विचार."

बायको ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, "माझं आता खातच नाही ती. मोजता येत नाही म्हणते."

साहेब चिडले. "ताई, तू शिकलेली आहेस. खाल्लेल्यापेक्षा खर्च जास्त झाला की वजन उतरतं. हे शास्त्र आहे. खोटं आहे का?"

"मुळीच खोटं नाही. उत्तम अन्नसुद्धा अति खाल्लं तर अंगावर बसतंच. पण एक सांग. एखाद्या दुकानात तू गेलास. तराजू अगदी खरा. पण पोत्यात धान्याऐवजी निम्मे खडे. तुझा तराजू काय सांगेल?"

साहेबांची नजर टेबलावरच्या काट्याकडे गेली.

"वजन बरोबर, असंच सांगेल ना? आणि तू शिक्का मारून बाहेर पडशील. कारण पोत्यात काय आहे ते बघणं तुझं काम नाही. पण अरे, घरात ते तुझंच काम होतं! त्या वडीचा आकडा आणि वाटीभर डाळीचा आकडा एक असेल. पण डाळ पोटात टिकते, रक्त करते, हाड करते. वडी खाऊन तासाभरात तू बेकरीत पळतोस. हो, मला माहीत आहे बेकरीचं! खारीचा भुगा शर्टावर घेऊन आला होतास माझ्याकडे."

एरवी साहेब हसले असते. ते म्हणाले, "माझं सोड. मी सांगतो तिला. उद्यापासून नीट खाईल."

"तू सोडलंस, कारण तुला भूक लागली," ताई म्हणाली. "तिने भुकेलाच नापास केलंय. हा आजार आहे, लाड नाहीत. उद्या नाही, आज दवाखान्यात ने."

साहेबांनी आज नेलं नाही. त्यांना वाटलं, आपल्याच लेकीला समजावायला दवाखाना कशाला? त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं, आता मोजायचं नाही. ती "बरं" म्हणाली. समजूतदारपणे, हळू आवाजात. आणि त्यानंतर ती बापासमोर मोजेनाशी झाली, एवढाच काय तो फरक पडला.

ती शाळेच्या मैदानावर कोसळली तेव्हा साहेब एका दुकानात तराजूचं पारडं सरळ करत होते.

दवाखान्यात चिमणीच्या छातीला तारा लावल्या होत्या. डॉक्टरीणबाई मृदू होत्या, पण गोड बोलून फसवणाऱ्या नव्हत्या. "हृदय अशक्त झालंय. आम्ही हळूहळू अन्न सुरू करू. शरीर बहुतेक सावरेल. मनाचं मात्र मी आज सांगू शकत नाही. काही मुलं बाहेर येतात, काहींना वर्षं लागतात."

"आणि काही?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई चिमणीची सुटलेली तार नीट करू लागल्या.

साहेब घरी आले, टेबलावरचा काटा उचलला आणि खाली मागच्या अंगणात नेऊन दगडावर आपटला. आयुष्यभर तराजू जपणारा माणूस, त्याने तो फोडला! मग कपाटातली सगळी पुडकी काढून फेकली. बैल गेला आणि झोपा केला, असं त्यांची आई म्हणायची. ते बायकोसमोर उभे राहिले आणि त्यांना रडू फुटलं.

"तुझ्या ताटाला मी शिक्का मागत बसलो. माझं चुकलं. मला भाजी करायला शिकव."

बायकोने सुरी पुढे सरकवली. "शिकवते," ती म्हणाली. "पण मला माफीबिफी मागू नका आत्ता. माझ्याजवळ नाहीये ती."

तेव्हापासून साहेब रोज सकाळी उभं राहून भाजी चिरतात. घरात डाळ शिजते, अंडी उकडतात, फळांची टोपली फ्रिजवरून खाली आली आहे. साहेब पोटभर जेवतात आणि पोट भरलं की थांबतात. दुपारची घेरी गेली, बेकरी सुटली. आणि पाहा दैवाचा खेळ, काहीही न मोजता त्यांचं वजन उतरू लागलं! गुडघे हलके झाले. जिन्यातल्या त्याच बायका आता त्यांना म्हणतात, "काय छान बारीक झालात हो! काय केलंत?" साहेब मान खाली घालून जिना चढतात. जो जिना चढता यावा म्हणून हे सगळं सुरू केलं, तो आता सहज चढता येतो, पण वर गेल्यावर लेकीची खोली रिकामी असते.

चिमणी अजून दवाखान्यातच आहे. एकदा घरी आली होती, पुन्हा न्यावी लागली. साहेब रोज डबा घेऊन जातात. परवा भोपळ्याची भाजी होती, तीच, जिचा हिशेब कधी लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती. साहेबांनी एक चमचा स्वतः खाल्ला आणि एक तिच्यासमोर धरला.

"यात किती आहे, बाबा?"

"माहीत नाही, बाळा. कुणालाच माहीत नाही. आईने केलीय एवढंच माहीत आहे."

ती चमच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. साहेबांना कळलं, ती बेरीज करते आहे. काटा त्यांनी केव्हाच फोडला होता, पण तिला आता काट्याची गरजच उरली नव्हती. मग कसंबसं, डोळे मिटून तिने तो घास गिळला.

चिमणीने मनगट पुढे केलं.

"शिक्का?"

"शिक्का नाही आता. टाकून दिला मी." साहेबांनी ते काडीसारखं मनगट दोन्ही हातांत धरलं. "शिक्क्याशिवायच तू माझी आहेस गं. आधीपासून होतीस. मी सांगायला हवं होतं."

तिने हात सोडवून घेतला, रागाने नाही, अगदी हळू. "मग मला कसं कळणार, बरोबर खाल्लं की नाही ते?" असं म्हणून ती भिंतीकडे वळली. डबा तसाच राहिला. साहेबांनी उरलेली भाजी तिथेच बसून खाल्ली, कारण बायकोने केलेलं अन्न आता ते टाकत नाहीत.

ही गोष्ट सुखाची नाही, आणि खोटं सुख मी तिला चिकटवणार नाही. एवढंच सांगतो. कॅलरी मोजायच्या तर मोजा, मोठ्या माणसाने डॉक्टरांना विचारून जरूर मोजाव्यात. पण आकडा म्हणजे अन्न नव्हे. आधी ताटात काय आहे ते बघा. ताजं, घरचं, पोटाला धरून ठेवणारं अन्न असेल तर निम्मा हिशेब पोट स्वतःच करतं. आणि लेकराला पोटभर खाल्ल्याबद्दल कधी नापास करू नका, कमी खाल्ल्याबद्दल शाबासकी देऊ नका. काटासाहेबांना हे कळलं आहे. ते रोज डबा भरतात, रोज जातात, आणि बहुतेक दिवशी डबा भरलेलाच परत आणतात.