कोऱ्या लॉगचा सत्कार

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'शीतलाई आईस्क्रीम' कंपनीत आयटी विभागाचे प्रमुख होते दत्तप्रसाद सर. कंपनीचं सगळं नेटवर्क फायरवॉलमागे होतं आणि फायरवॉल सरांच्या मागे. निदान सर तसं सांगत. फायरवॉल माहितीच्या ज्या पॅकेटला अडवते त्याची नोंद लॉगमध्ये होते, आणि गेले कित्येक महिने त्या लॉगमध्ये एक ओळही उमटली नव्हती. सरांनी याचा अर्थ असा लावला, की हल्लेखोर घाबरले. दर बैठकीत ते कोरा पडदा भिंतीवर लावत आणि म्हणत, "शून्य!" मालक सुदेशबाब मान डोलवत. वार्षिक मेळाव्यात सरांना शाल मिळाली ती या शून्यासाठीच.

त्याच सुमारास पेडण्यातल्या शीतगृहाचं तापमान डिचोलीच्या पडद्यावर येईनासं झालं. तिथे नवीन मीटर बसवला होता. शीतगृह सांभाळत होता सगुण. तो मीटरचा फोटो काढून रोज पाठवायचा. काटा उणे अठरावर, आईस्क्रीम दगडासारखं. पण सरांचा फोटोंवर विश्वास नव्हता.

"फोटो कोणीही काढील," ते म्हणाले. "माझ्या फायरवॉलने अडवलं असतं तर लॉगमध्ये दिसलं असतं. लॉग कोरा आहे. म्हणजे पेडण्याहून काही निघतच नाही. त्या माणसाने मीटरची वायर काढून ठेवली असणार."

सगुणला मेमो गेला.

समीक्षा आयटी विभागात नवीन होती. नार्व्याची, कंपनीच्या बसने यायची. मेमो गेल्याचं कळलं तेव्हा तिने सरळ सगुणला फोन लावला.

"सगुणबाब, मीटर चालू आहे?"

"बाय, तो माझ्यापरस बरो चलता," सगुण वैतागून म्हणाला. "दिवो पेटता, काटो हालता. माका कित्याक मेमो?"

"आता मीटरचं आकडा पाठवायचं बटण दाबा. माझी नजर इथे आहे."

पेडणे आणि डिचोली यांच्यामध्ये इंटरनेटमधून एक बोगदा काढलेला होता. त्या बोगद्याचं डिचोलीकडचं तोंड म्हणजे फायरवॉलवरचं एक आभासी कार्ड. हाताला लागत नाही, पण सगळी ये-जा त्यातूनच. समीक्षाने त्या कार्डावर नजर ठेवली. सगुणने बटण दाबलं आणि पॅकेट आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. मात्र आतल्या सर्व्हरपर्यंत एकही पोचलं नाही. मध्येच कुठेतरी गायब. आणि लॉग कोरा.

तिने नियम उघडून वाचायला घेतले. नव्या मीटरचा पत्ता परवानगीच्या नियमात कोणी घातलाच नव्हता, म्हणून फायरवॉल त्याला अडवत होती. तिचं कामच ते. पण नोंद का नाही? नोंदीच्या नियमात लिहिलं होतं, की अमुक कार्डातून आलेलं पॅकेट अडवलं तरच लिहा. ते कार्ड होतं जुन्या मशीनचं. वर्षामागे फायरवॉल नव्या सर्व्हरवर हलवली, तेव्हा ते मशीन भंगारात गेलं. नियम मात्र तसाच उचलून आणला. नसलेल्या कार्डातून काही येणार कसं आणि कोणी लिहिणार काय?

समीक्षाने नियमातलं त्या जुन्या कार्डाचं नाव काढून टाकलं. लॉग धडाधडा भरू लागला. पेडण्याचा मीटर तर होताच, शिवाय बाहेरून दारं ठोठावणारे, परदेशातले, अनोळखी, सगळे ओळीने हजर.

सर धावत आले. "काय केलंस तू? काल एकसुद्धा हल्ला नव्हता!"

"काल दिसत नव्हता, सर."

"तेच म्हणतोय मी. तू हात लावलास आणि हल्ले सुरू झाले. आधी होतं तसं कर."

ती हलली नाही. सर तिला थेट सुदेशबाबांच्या केबिनमध्ये घेऊन गेले आणि त्यांनी तक्रार मांडली. काल शून्य, आज हजारो, मध्ये ही.

सुदेशबाबांचे एके काळी पाळी गावात खनिजाचे ट्रक होते. समीक्षाने तेच धरलं. "बाब, रस्ता बदलला, ट्रक नव्या वाटेने जायला लागले आणि नोंद घेणारा माणूस जुन्या नाक्यावरच बसून राहिला, तर तो काय लिहील?"

"काय लिहितलो? जांभया दितलो."

"आपला लॉग तेच करत होता."

सुदेशबाबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे. समीक्षाने तिथेच लॅपटॉप उघडून नव्या मीटरचा पत्ता परवानगीत घातला. भिंतीवरच्या पडद्यावर पेडण्याचा चौकोन हिरवा झाला, उणे अठरा.

संध्याकाळी सगळ्यांना पत्रक गेलं. 'दत्तप्रसाद सरांच्या मार्गदर्शनाखाली मोठा दोष शोधून काढण्यात आला.' समीक्षाचं नाव नव्हतं. राहिला सगुणचा मेमो. कर्मचारी विभागातली संजना म्हणाली, मेमो मागे घ्यायची आपल्याकडे पद्धतच नाही. तिने सगुणला शेरा पाठवला, 'वागणुकीत समाधानकारक सुधारणा'.

पुढच्या शुक्रवारी सगुण म्हापशाला बस बदलून डिचोलीला आला आणि सरांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"सर, मी सुधारलंय म्हणतत. बिघडलंय कधी, तां सांगा. पुन्हा तसां करूचंय नाय."

सगळं ऑफिस काम थांबवून ऐकत होतं. सरांना एकाएकी फोन करायची आठवण झाली आणि ते बाहेर गेले. सगुण त्यांच्या खुर्चीत बसला, चहा प्याला, वाट पाहत राहिला. सर काही परतले नाहीत.

"अशानं काय व्हायचं नाय, बाय," तो समीक्षाला म्हणाला.

समीक्षा त्याला घेऊन संजनाकडे गेली. "पद्धत नसेल तर आजपासून पाडूया. मी सांगते, तू टाइप कर." संजनाने दाराकडे पाहून घेतलं आणि मग टाइप केलं. मीटर ठीक होता, सगुणची काही चूक नव्हती, चूक आयटी विभागाची होती, सबब मेमो रद्द. समीक्षाने कागद सुदेशबाबांपुढे ठेवला. ते फोनवर मेळाव्याच्या मंडपाच्या थकलेल्या बिलाचं बोलत होते. बोलता बोलता त्यांनी सही ठोकली, एक शब्दही न वाचता.

सर जेवणाच्या सुट्टीत परतले तेव्हा कागद फलकावर लागला होता आणि त्याच्यापुढे ही गर्दी. आपल्याविषयी काही चांगलं असेल म्हणून तेही वाट काढत पुढे गेले.