श्रीनाथरावांचा अंगठा

१९९८ साली कामतघरच्या केसरीनाथशेठनी आपल्या साड्यांच्या कारखान्यातल्या डिझाइनरूमला अंगठा ओळखणारं कुलूप बसवलं. आदल्या हंगामात त्यांच्या साडीच्या काठाचं नवं डिझाइन त्यांच्याआधी भलत्याच्याच लूमवर निघालं होतं. किल्लीचा ठसा कोणीही साबणावर उठवतो, पण माणसाचा अंगठा कोण चोरणार? दाराशेजारच्या काचेवर अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की खट्ट करून दार उघडायचं.

मुंबईहून आलेला इंजिनियर माधव म्हणाला, "शेठ, डावे अंगठे घेऊ. उजवे कामात झिजतात."

"डाव्या हातानं लक्ष्मीचं दार उघडायचं न्हाय," शेठ म्हणाले. विषय संपला. गणपतीची दहा दिवसांची सुट्टी संपल्यावर नारळ फुटला आणि चौघांचे उजवे अंगठे यंत्रात गेले. स्वतः शेठ, डिझाइनर दौलत, झाडलोट करणाऱ्या पुतळाबाई आणि हेडक्लार्क श्रीनाथराव.

श्रीनाथराव माणूस सरळ. बावीस वर्षं एकाच खुर्चीवर. खोड एकच, तंबाखू. तीही त्यांनी सोडलेली होती, म्हणजे घरी. वर्षापूर्वी गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा पत्नी सुचेताबाईंच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. शपथ उंबऱ्यापर्यंत टिकायची. ऑफिसात पोचले की डावा तळवा पुढे, वर चिमूटभर तंबाखू, त्यावर चुना, आणि उजवा अंगठा सुरू.

पंधरा दिवसांत यंत्र रुसलं. श्रीनाथरावांनी अंगठा टेकवला की लाल दिवा. पुसून टेकवला, फुंकर मारून टेकवला, देवाचं नाव घेऊन टेकवला. लालच.

मग रोज सकाळी हेडक्लार्क हळूच म्हणायचे, "पुतळाबाई, जरा अंगठा लावता का?" बाई झाडू खाली ठेवायच्या, अंगठा टेकवायच्या, खट्ट. सगळं ऑफिस फायलीत तोंड घालून हसायचं.

शेठना मात्र हसू येईना. "श्रीनाथभाऊ, लोक बोलतान, यंत्र याच मानसाला का नाकारतंय? सोमवारपातूर दार उघडलं न्हाय, तर डिझाइनरूम दौलतच्या ताब्यात."

बावीस वर्षांनी चोरीचा वहीम! श्रीनाथरावांना रात्रभर झोप लागली नाही. "परदेशी यंत्र आहे, इथली हवा मानवत नाही त्याला," असं ते सांगत राहिले, पण आवाजात जोर नव्हता.

सोमवारी माधव आला. त्यानं पांढऱ्या फडक्यानं काच पुसली, फडकं हुंगलं आणि गालात हसला. मग कॉम्प्युटरवर श्रीनाथरावांच्या अंगठ्याची दोन चित्रं लावली. पहिल्या दिवसाच्या चित्रात नांगरटीसारख्या स्वच्छ रेघा होत्या. आजच्या चित्रात मधोमध नुसता पांढरा डाग.

"काका, चुन्यानं कातडी खाल्लीय. सुट्टीत दहा दिवस तुम्ही घरी होता, चुना नसणार, म्हणून रेघा परत आल्या होत्या. यंत्र खोटं बोलत नाहीये."

वहीम फिटला, पण बिंग फुटलं. श्रीनाथराव लालबुंद होऊन म्हणाले, "एवढ्याशा चिमटीनं काय होतंय? डावा अंगठा घ्या, मिटलं."

कोपऱ्यातून पुतळाबाई बोलल्या. बाई एरवी ऑफिसात बोलत नसत.

"भाऊ, अंगठ्याचं कातडं जाड आसतंय. त्याला चुना खातंय, मंग गालाच्या आतलं कातडं किती पातळ हाय? आमचे मालक बी हेच म्हनायचे, एवढ्याशा चिमटीनं काय होतंय. शेवटाला तोंड दोन बोटंबी उघडत नव्हतं. चमच्यानं पेज पाजली मी. यंत्राला मुंबईवरून इंजिनियर आला. आमच्या मालकांना कोन येनार होता?"

श्रीनाथरावांनी चुन्याची डबी खिशातून काढून टेबलावर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. शेठ गुटखा खायचे, त्याला अंगठा लागत नाही, म्हणून ते इतके दिवस साव ठरले होते. त्यांनीही गुपचूप चार पुड्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "दहा दिवस देतो," ते म्हणाले, "दोघांनाबी."

घरी गेल्या गेल्या श्रीनाथरावांनी सुचेताबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या भेंडी चिरत होत्या.

"माहीत आहे. तुमचे रुमाल मीच धुते," त्या म्हणाल्या. मग विळी बाजूला सारून पदर डोळ्यांना लावला. "तुम्ही आपण होऊन कधी सांगता, याची वाट बघत होते. फार वेळ लावलात हो."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेली. चट्टा वाढला होता. "अजून हाताबाहेर गेलेलं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण आणखी वर्षभर फसवलं असतंत, तर मला भेटून उपयोग नव्हता."

अकराव्या दिवशी श्रीनाथरावांनी अंगठा टेकवला. हिरवा दिवा, खट्ट. पुतळाबाई झाडू घेऊन मागेच उभ्या होत्या. "चला," त्या म्हणाल्या, "माझी येक ड्युटी कमी झाली."

मित्रहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारावर असं यंत्र आहे. डॉक्टरांना फसवता येतं, शेठला फसवता येतं, शपथेलाही फसवता येतं. कातडीला फसवता येत नाही. अंगठ्याची कातडी दहा दिवसांत परत आली. गालाच्या आतली तेवढी वाट बघत नाही. खिशात डबी असेल, तर आजच बाहेर काढा, आणि घरी जाऊन खरं सांगा. घरच्यांना बहुधा ते आधीच माहीत असतं.